उमऱ्याला निघण्यापूर्वी दुकानाची वही उघडा



परभणी, जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा आपल्या जिल्ह्यातील गावांतून आता उमऱ्याचे गट नियमित निघू लागले आहेत. आठ-दहा घरे मिळून वीस-पंचवीस माणसे जमतात, कोणी टूरवाला गाठतात आणि मक्का-मदीनेची पंधरा-वीस दिवसांची सफर ठरते. कच्छी बाजारातील आमच्या दुकानावर इशाच्या नमाजनंतर जी मंडळी टेकतात, त्यांच्यात हाच विषय असतो. बॅग किती किलोची चालते, रियाल कोठे बदलून घ्यावेत, जमजम किती आणता येते, असे प्रश्न होतात. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण गेल्या काही वर्षांत तीन गटांची तयारी जवळून पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की व्यापारी माणसाची तयारी बॅगेपासून सुरू होत नाही. ती दुकानाच्या वहीपासून सुरू होते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो. तेव्हा भाषेची चूक पोटात घालावी, मुद्दा मात्र लक्षात घ्यावा.

जुनी पद्धत काय होती?

हजची मुंबईहून जेद्दाहला जाणारी जहाजे 1995 पर्यंत चालली. आमच्या लहानपणी हजला जाणारा माणूस परभणी स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसायचा, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचा आणि मग जहाज पकडायचा. जाणे-येणे आणि मुक्काम मिळून काही महिने जात. परत येण्याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी तो घरोघर फिरून 'कहा-सुना माफ करो' म्हणायचा. ज्याचे देणे आहे त्याचे देऊन टाकायचा. जे देणे होत नसे ते चार माणसांसमोर मुलाच्या अंगावर घालायचा. शेजारच्या हिंदू दुकानदाराकडेही तो तितक्याच अगत्याने जायचा, कारण उधारीचा हिसाब धर्म पाहून होत नाही.

आता विमान पाच-सहा तासांत जेद्दाहला पोहोचवते. सफर छोटी झाली, तशी 'कहा-सुना माफ' ही गोष्टही छोटी होऊन मोबाईलवर आली. एक संदेश दोनशे जणांना एकदम जातो. ज्याचे आपण पैसे ठेवले आहेत त्यालाही जातो आणि ज्याच्याशी कधी व्यवहार झाला नाही त्यालाही जातो. माणसाचा हक्क मात्र संदेशाने फिटत नाही. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावयाचा आहे, हे आपण मदरशात शिकलो आहोत.

आमची स्वतःची चूक

येथे स्वतःचीच गोष्ट सांगतो. आम्ही पहिल्यांदा उमऱ्याला गेलो तेव्हा सर्व तयारी उत्तम केली होती. एहरामचे कापड दुकानातले निवडक घेतले होते. दुवांची किताब पाठ केली होती. मक्केत सफा-मरवाच्या सईत पाचव्या फेरीला एकदम एक चेहरा आठवला. आमच्या दुकानासाठी परकर आणि उशांचे अभ्रे शिवून देणारा एक कारागीर होता. एका खेपेस अभ्रे मापाला कमी भरले म्हणून आम्ही त्याचे 1,740 रुपये अडकवून ठेवले होते. कापणी आमच्याच माणसाची होती, हे नंतर कळले. पण पैसे द्यायचे राहून गेले. त्या गोष्टीला दीड वर्ष झाले होते.

रात्री मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अब्बा, वहीत तर त्यांच्याकडूनच आपले 900 येणे दिसते. आपले देणे काही लिहिलेले नाही." खरेच होते. ईदला त्याने आमच्याच दुकानातून मुलांचे कपडे उधार नेले होते, ते आम्ही त्याच दिवशी लिहिले होते. त्याचे 1,740 आमच्या फक्त लक्षात होते. मुलगा त्याच्या घरी गेला तर घराला कुलूप. कामासाठी तो हैदराबादला गेला होता. परत आल्यावर त्याचा पत्ता लागायला चार महिने लागले. पैसे हातात घेऊन तो म्हणाला, "सेठ, मिळाले, मी माफ केले. पण त्या महिन्यात मिळाले असते तर बरे झाले असते."

त्याने माफ केले, पण ते वाक्य आमच्याजवळ राहिले. तेव्हापासून आमच्या गटात जो येतो त्याला आम्ही पहिली गोष्ट सांगतो: येणे आपण लिहून ठेवतो आणि देणे लक्षात ठेवतो, हे उलट करा.

वहीची तयारी कशी करावी?

निघण्याच्या तीन महिने आधी एक कोरी वही घ्यावी. तिचे चार भाग करावेत.

पहिला भाग देण्याचा. भिवंडी, सुरत, मालेगाव, सोलापूरच्या पेढ्यांची बिले तर पक्क्या वहीत असतातच. पण शिलाईवाल्याची मजुरी, हमालाचे राहिलेले पैसे, नोकराची उचल व पगाराचा फरक, दुकानाचे थकलेले भाडे, बायकोचा न दिलेला महर, बहिणीचा वारसातला हिस्सा, हे पक्क्या वहीत नसते. तेच आधी लिहावे. बहिणीच्या हिश्श्याबद्दल आम्ही मुद्दाम लिहितो. वडिलांचे दुकान भावांनी चालवले आणि बहिणीने तोंड उघडले नाही, म्हणजे तिने हक्क सोडला असे होत नाही.

दुसरा भाग येण्याचा. कोणाकडे किती, काय लिखापढी आहे, आणि त्यातले कोणते येणे गरिबाला सोडून देण्यासारखे आहे. आपल्या भागात शेतकऱ्याचा पैसा कापूस आणि सोयाबीन विकल्यावर हातात येतो. पीक गेले तर उधारी वर्षभर पुढे जाते. अशा माणसाच्या दारात जाऊन "आम्ही उमऱ्याला चाललो, आमचे पैसे टाका" म्हणणे शोभत नाही. मुदत वाढवून द्यावी. ऐपत असेल तर सोडून द्यावे.

तिसरा भाग जकातीचा. रोकड, बँकेतील शिल्लक, सोने-चांदी आणि दुकानातला विक्रीचा माल, या सर्वांचा हिसाब करून अडीच टक्के काढावे. कित्येक दुकानदार रोकडीवर जकात देतात आणि फळीवरचा माल विसरतात. बुडीत उधारीचे काय करावे हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. ज्याच्यावर मागच्या वर्षांची जकात बाकी आहे, त्याने ती देऊन मग नफल उमऱ्याचा विचार करावा. फर्ज मागे ठेवून नफल पुढे करणे म्हणजे मुद्दल थकवून दुकानाला रंग देण्यासारखे आहे. हज फर्ज झाला असेल तर त्याचाही क्रम उमऱ्याच्या आधी आहे, हेही विसरू नये.

चौथा भाग वसीयतीचा. हा शब्द काढला की घरातल्या बायका रडू लागतात, म्हणून पुरुष टाळतात. 17 नोव्हेंबर 2025 रोजी मक्केहून मदीनेकडे जाणाऱ्या उमरा यात्रेकरूंच्या बसची टँकरशी टक्कर होऊन आग लागली आणि 45 भारतीय गेले. त्यांतले बहुतेक हैदराबादचे होते, आणि एकाच कुटुंबातील अनेक माणसे त्यात होती. अल्लाह त्यांची मगफिरत करो. हैदराबाद आपल्याला परके नाही. 1956 पर्यंत परभणी जिल्हा त्याच राज्यात होता आणि आजही आपले कित्येक गट तेथूनच विमानात बसतात. त्या बातमीने आपल्या गावातही चुली पेटल्या नाहीत असे घर आम्हाला ठाऊक आहे. मृत्यू कोठेही येतो, परभणीच्या बाजारातही येतो. पण एकाच वेळी बाप आणि मुलगे गेले, तर येणे-देणे सांगायला कोण उरतो? म्हणून शक्य असेल तर घरातील सर्व कर्त्या माणसांनी एकाच गटात जाऊ नये. वारसांचे हिस्से शरीअतने ठरवून दिले आहेत. वारस नसलेल्यासाठी किंवा नेक कामासाठी वसीयत करावयाची तर ती एक तृतीयांशाच्या आतच करता येते. आणि वाटणीच्या आधी कर्ज फेडावे लागते. कर्ज किती हे लिहिलेलेच नसेल तर मुले फेडणार काय? दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ही वही घरी राहणाऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी.

पैसा कसा जमवावा?

उधार-उसने करून, व्याजाच्या हप्त्यावर पॅकेज घेऊन उमऱ्याला जाण्याची पद्धत आता शहरांतून आपल्याकडे येत आहे. ज्यावर हे फर्ज नाही त्याने कर्ज काढून, आणि तेही व्याजाने, जावे याला आम्ही तयारी म्हणत नाही.

मलेशियात ताबुंग हाजी नावाची संस्था आहे. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने 1959 मध्ये असा विचार मांडला की खेड्यातला माणूस हजसाठी जमीन आणि गुरे विकतो व परत येऊन कंगाल होतो, त्यापेक्षा त्याची थोडी-थोडी बचत व्याजाशिवाय गुंतवावी. 1963 पासून ते काम सुरू झाले आणि पुढे त्याची देशातील मोठी संस्था झाली. आपल्याकडे तशी संस्था नाही, पण भिशी तर आहे. आमच्या गटातील बारा कारागिरांनी दरमहा ठराविक रक्कम टाकून भिशी चालवली. नियम दोनच होते. बोली लावून कमी पैशात भिशी उचलायची नाही, आणि प्रत्येक महिन्याला सर्वांच्या सह्या. 'दरमहा इतके भरा, लकी ड्रॉत उमरा मिळवा' अशा योजना मात्र वेगळ्या आहेत. त्यात बाकीच्यांच्या पैशावर एकाला पाठवतात. शरीअतने त्याला काय म्हणतात ते आलिम सांगतील. कायद्याच्या बाजूनेही, परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी गोळा करण्यास 2019 च्या कायद्याने बंदी आहे.

हजला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. निजामाच्या काळी जुन्या हैदराबाद राज्याच्या हाजींसाठी मक्केत रुबात, म्हणजे मोफत उतरण्याची वक्फ इमारत, केली गेली. तिचा लाभ तेलंगण व कर्नाटकातील जुन्या जिल्ह्यांप्रमाणे मराठवाड्यातील हाजींनाही आहे. जागा थोड्या असल्याने नावे चिठ्ठ्या टाकून काढतात. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळांना ही गोष्ट माहीत नसते, म्हणून ते अर्जच करत नाहीत.

टूरवाला कसा पारखावा?

आपण ठाण घेताना पदर उलटून पाहतो, सूत ओढून पाहतो, मीटर मोजून घेतो. आणि दीड-दोन लाखांची सफर मात्र दाढी-टोपी पाहून घेतो. आम्हीही तेच केले. एका वर्षी आमच्यातील नऊ जणांनी बाहेरगावच्या एका माणसाला रोख पैसे दिले. पावती मागितली तर तो म्हणाला, "अल्लाहच्या घरी जाताना पावती काय मागता?" आम्ही शरमलो आणि गप्प बसलो. तारीख तीनदा पुढे गेली. पासपोर्ट अकरा आठवडे त्याच्याकडे अडकले. शेवटी पासपोर्ट मिळाले, पैसे अर्धेच मिळाले. त्या नऊ जणांत एक विधवा भगिनी होती. तिने शिवणकाम करून पैसे जमवले होते. तिचा वाटा आम्ही बाकीच्यांनी भरून दिला, पण तिची सफर दोन वर्षे पुढे गेली. पावती मागणे अविश्वास नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम खुद्द कुरआनात आहे.

तेव्हापासून आमचा गट पुढील गोष्टी लेखी घेतो. मक्का व मदीना येथील हॉटेलचे नाव, आणि हरमपासून पायी चालण्याचे अंतर. 'पाचशे मीटर' म्हणून सांगतात आणि चढाचा रस्ता दीड किलोमीटरचा निघतो. खोलीत माणसे किती. जेवण किती वेळ. विमान थेट की मध्ये उतरणारे. सफर रद्द झाल्यास किती दिवसांत किती पैसे परत. 2025 च्या उमरा हंगामापासून हॉटेलचा करार सौदी सरकारच्या नुसुक मसार या व्यवस्थेत नोंदवावा लागतो, तेव्हा 'हॉटेल तिकडे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

पैसे बँकेतून द्यावेत. 2017 पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे. पॅकेजवर जीएसटी लागतो. हज-उमऱ्याच्या सेवेला त्यातून सूट मिळावी ही टूरवाल्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये फेटाळली. शिवाय ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सफरीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. त्याचा दर वेळोवेळी बदलला आहे, म्हणून निघताना आपल्या कर सल्लागाराला विचारावे. तो कर आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर हिसाबात धरला जातो किंवा परत मिळतो. पावतीच नसेल तर ही रक्कम आपण सोडून दिली असे समजा.

हजसाठी खाजगी टूरवाल्यांना केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाची नोंदणी लागते. पण नोंदणी असूनही घोटाळा होऊ शकतो, हे 2025 ने दाखवले. त्या वर्षी भारताचा कोटा 1,75,025 होता. त्यातील 1,22,518 जागा हज कमिटीकडे होत्या आणि बाकीच्या सुमारे 52,500 खाजगी गटांकडे. मिना येथील जागा व इतर करार मुदतीत पूर्ण न झाल्याने त्यातील फक्त 10,000 जागांसाठी सौदीने पुन्हा दार उघडले. सुमारे 42,000 लोकांची सफर राहिली. म्हणून 'करार झाला का, कागद दाखवा' हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आणखी एक. उमरा किंवा भेटीच्या व्हिसावर जाऊन तेथेच राहून हज करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. 2024 च्या हजमध्ये कडक उन्हात 1,301 माणसे गेली. सौदी सरकारने सांगितले की त्यातील 83 टक्के लोकांकडे परवाना नव्हता. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, सावली नाही.

गटाचा कारभार

सफरीत तीन जण असले तरी एकाला अमीर करावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अमीर श्रीमंत असलाच पाहिजे असे नाही. आमच्या गटाचा अमीर एक बस कंडक्टर होता. माणसे मोजणे, वेळ पाळणे आणि न चिडता उत्तर देणे ही कामे त्याच्याइतकी आम्हा सेठ लोकांना येत नव्हती. खजिनदार वेगळा असावा. सामाईक खर्चाची एक वही, आणि दर तिसऱ्या दिवशी हिसाब सर्वांसमोर वाचून दाखवणे. औषधांची पेटी एकाकडे. भगिनींची जबाबदारी एका जाणत्या भगिनीकडे. प्रत्येकाच्या गळ्यात हॉटेलचे नाव आणि अमीरचा फोन असलेले कार्ड.

निघण्याआधी पाच बैठका घ्याव्यात. पहिलीत पैसे आणि कागद, दुसरीत उमऱ्याचे विधी, तिसरीत प्रकृती, चौथीत सामान, पाचवीत कहा-सुना माफ. आमचा अनुभव असा की गटातली भांडणे विधीवरून होत नाहीत. ती खोलीच्या वाटणीवरून, लिफ्टच्या रांगेवरून आणि जेवणातल्या तिखटावरून होतात. खोल्यांची वाटणी परभणीतच करावी.

मदीनेत मस्जिदे नबवीतील रियाजुल जन्नत येथे जाण्यासाठी नुसुक ॲपवर परवाना घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे 365 दिवसांत एकदाच मिळतो. गटात मोबाईल समजणारा एक तरुण असावा. मात्र प्रत्येकाने हे ॲप स्वतःच्या पासपोर्टवर आधीच चालू करून घ्यावे.

दुकान मागे कसे सोडावे?

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे गिऱ्हाईक कमी असते, पण मक्केत तेव्हा पारा 45 च्या आसपास खेळतो. हिवाळ्यात हवा चांगली, पण आपल्याकडे लग्नसराई आणि फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उर्स. रमजानमध्ये सवाब मोठा, पण भाडेही सर्वांत मोठे आणि कापडवाल्याची वर्षाची कमाई त्याच महिन्यात. प्रत्येकाने आपल्या धंद्याकडे आणि आपल्या वयाकडे पाहून ठरवावे. साठी ओलांडलेल्यांनी थोडा धंदा बुडाला तरी हिवाळा निवडावा.

महिन्याच्या 11 व 20 तारखेला जीएसटीचे विवरण भरायचे असते. ओटीपी आपल्या मोबाईलवर येतो आणि आपण तवाफात असतो. म्हणून विवरणासाठी दुसऱ्याला अधिकृत करून ठेवावे. चेकबुकावर कोऱ्या सह्या करून जाऊ नये. कोणत्या पेढीला कोणत्या तारखेला किती द्यायचे त्याची यादी मुलाला द्यावी आणि त्या पेढीलाही फोन करून सांगावे. नोकरांचा पगार निघण्याआधी हातात द्यावा. आमच्या दुकानातील जुन्या नोकराने आम्हाला स्टेशनवर सोडताना सांगितले, "दुकानाची काळजी करू नका, भाई, दुवा करा." पगार मिळालेला नोकरच असे मनापासून म्हणतो.

पाय आणि कापड

सफा ते मरवा अंतर साधारण साडेचारशे मीटर आहे. सात फेऱ्यांचे तीन किलोमीटरहून अधिक होतात. त्याआधी तवाफाच्या सात फेऱ्या, आणि हॉटेलपासून येणे-जाणे वेगळे. गादीवर बसून मीटर फिरवणाऱ्या आम्हा लोकांना याची सवय नसते. दोन महिने आधीपासून रोज फज्रनंतर चालावे, अर्ध्या तासापासून सुरू करून सव्वा तासापर्यंत न्यावे. चप्पल नवी नको, वापरलेली हवी. मेंदूज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचा दाखला जवळ ठेवावा. साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असाव्यात.

एहरामचे कापड हा आमचा विषय आहे. पुरुषांना दोन न शिवलेल्या चादरी लागतात, साधारण 45 इंच रुंद आणि 90 इंच लांब. भगिनींना वेगळा पोशाख नाही, नेहमीचे शिवलेले, अंग झाकणारे साधे कपडे चालतात. बाजारात टॉवेलसारखे जाड आणि साधे विणलेले असे दोन प्रकार मिळतात. जाड थंडीत बरे, उन्हात जड होते आणि वाळायला वेळ लागतो. उन्हाळ्यात साधे सुती घ्यावे. भेसळ पाहायची असेल तर कडेचा एक धागा ओढून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. पॉलिस्टर घाम पीत नाही आणि मांड्या सोलवटतात. नवे कापड दोनदा धुऊन खळ काढावी म्हणजे ते पाणी धरते. एहराम हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण जेद्दाहला जाणाऱ्याला मीकात विमानातच ओलांडावी लागते आणि मोठी बॅग तेव्हा विमानाच्या पोटात असते. आधी मदीनेला जाणारा गट मक्केकडे येताना जुल हुलैफा येथे एहराम बांधतो.

कारागिरांनी यात एक गोष्ट पाहावी. एहरामच्या चादरी, कमरपट्टे, चपलांच्या पिशव्या, भगिनींचे नमाजचे मोठे दुपट्टे, गळ्यातल्या कार्डाच्या पिशव्या, हे सर्व बाहेरून शिवून येते आणि आपल्या गावात विकले जाते. सोलापूरला टॉवेल बनतो, भिवंडी-मालेगावला कापड बनते, शिलाई मशीन आपल्या घराघरात आहे. एका गटाचा पूर्ण संच आपल्या गावातच शिवता येतो. आमच्या गेल्या गटाचे संच वर उल्लेख केलेल्या त्याच भगिनीने शिवले, आणि मजुरी आम्ही आधी दिली.

जियारत आणि बाजार

विधी पूर्ण झाल्यावर गट जियारतीला निघतो. हिरा गुहेचा जबले नूर, सौर पर्वत, मदीनेतील कुबा मस्जिद, किब्लतैन मस्जिद, उहुदचे मैदान. टूरवाला बसमधून बोट दाखवत पुढे नेतो. आमची विनंती आहे की व्यापाऱ्यांनी जाण्याआधी सीरत वाचून जावे. मदीनेत हिजरतीनंतर मस्जिदीप्रमाणेच मुसलमानांचा स्वतंत्र बाजार वसवला गेला आणि त्यात बसणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही असे ठरले. हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन लोकांसाठी खुली केलेली विहीर, बिअरे रूमा, मदीनेतच आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अन्सारी भावाने अर्धी मालमत्ता देऊ केली तर त्यांनी फक्त बाजाराचा रस्ता विचारला. ही माणसे आमच्याच पेशाची होती. त्यांच्या शहरात जाऊन आपण फक्त तस्बीह, टोप्या आणि जानमाज खरेदी करून यावे, आणि त्याही बहुधा चीनच्या, हे बरे दिसत नाही.

खरेदीबद्दल इतकेच की विकण्याचा माल 'भेटवस्तू' म्हणून आणू नये. कस्टमच्या हिसाबात तो सामान नव्हे, व्यापार आहे. कुरआनने हजच्या दिवसांत व्यापाराला परवानगी दिली आहे, चोरट्या व्यापाराला नाही. आणि त्याच ठिकाणी सांगितले आहे की प्रवासाची शिदोरी बांधा, पण सर्वांत चांगली शिदोरी तकवा आहे.

परत आल्यावर

परभणी स्टेशनवर हार घेऊन माणसे येतात, मिठी मारतात, जमजम वाटले जाते. आठ दिवस दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा भेटायला येणारे जास्त असतात. नवव्या दिवशी तीच फळी, तोच मीटर, तेच गिऱ्हाईक. तेव्हा बाजार आपल्याला पाहत असतो. भाव सांगण्यात, माप देण्यात, कारागिराची मजुरी देण्यात काही फरक पडला की नाही, हे आपल्या आधी त्याला कळते.

निघताना केलेली ती चार भागांची वही फाडून टाकू नये. आमची आजही गल्ल्यात आहे. देण्याचा भाग आता सर्वांत पुढे आहे आणि शिलाईवाल्यांची मजुरी त्यात रोजच्या रोज लिहिली जाते. पुढचा गट हिवाळ्यात निघणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी इशानंतर दुकानावर यावे, आणि येताना आपली वही सोबत आणावी.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईने आपल्या घरी नेवो आणि कोणाच्याही हक्काचे ओझे डोक्यावर न ठेवता परत आणो. आमीन.